तिच्या शब्दांचे वाटेकरी

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील मुस्लिमांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या साडेअकरा टक्के आहे. त्यांतल्या स्त्रिया एका मुशीतून निघालेल्या नाहीत. रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम घरांत कोकणी बोलली जाते, मराठवाड्यात आणि सोलापूरकडे दखनी, मालेगाव-भिवंडीच्या विणकर वस्त्यांत उर्दू. मुंबईतल्या बोहरा, खोजा, मेमन घरांची परंपरा गुजराती, कच्छी भाषांची. सातारा-सांगलीच्या खेड्यांतली मुलाणी, शिकलगार, तांबोळ्याची बाई साडी नेसते, खुरपायला जाते, आणि बोलण्यावरून तिला शेजारच्या माळ्याच्या बाईपासून वेगळे काढता येत नाही. खानदेशातल्या तडवी स्त्रीचे जग आणखी निराळे. इतका फरक असूनही सार्वजनिक चर्चेत या सगळ्यांसाठी दोनच चित्रे वापरली जातात. एक बुरख्याचे, दुसरे तलाकचे.

श्रद्धा, घर, कायदा, समाज आणि माध्यमे यांबद्दल मुस्लिम स्त्रिया बोलल्याच नाहीत, असा समज त्या दोन चित्रांमुळे पसरला. वस्तुस्थिती उलट आहे. त्या बोलत आल्या आहेत, लिहीत आल्या आहेत, न्यायालयात गेल्या आहेत. पण त्यांना दोन ठिकाणी तोंड द्यावे लागते. जमातीला त्या काही सुनावतात, तेव्हा जमातीबाहेरचे ते वाक्य उचलून जमातीविरुद्ध वापरतात. बाहेरच्या समाजाला काही सुनावतात, तेव्हा जमातीतले पुढारी तेच शब्द ढालीसारखे पुढे करतात. या ओढाताणीत मूळ बोलणारी मागे राहते. तिच्या प्रत्येक पावलाची नोंद करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

नोंदींची अडचण आरंभापासून आहे. पुण्यात फुले दांपत्याच्या शिक्षणकार्यात साथ देणाऱ्या फातिमा शेख यांनी स्वतः लिहिलेले काही आज हाती नाही. सावित्रीबाईंनी आजारपणात माहेराहून जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी पाठवलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो: आपल्या गैरहजेरीत फातिमेवर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. एका मैत्रिणीच्या लेखणीतून आलेल्या त्या ओळीखेरीज समकालीन आधार फारच थोडा. त्यामुळे फातिमाबींचा गौरव करणारे आणि त्यांचे अस्तित्वच नाकारणारे दोघेही त्या कोऱ्या जागेत आपापले रंग भरत राहतात.

लेखणी स्वतःच्या हाती घेतलेल्या पहिल्या पिढीत मुंबईच्या अतिया फैजी यांचे नाव येते. तय्यबजी-फैजी हे सुलेमानी बोहरा घराणे. अतियांची बहीण नाझली बेगम कोकणातल्या जंजिरा संस्थानच्या नवाबांची पत्नी होती. १९०६ मध्ये अतिया शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या आणि तिथली दैनंदिनी उर्दूत लिहून लाहोरच्या ‘तहजीब-ए-निसवां’ या साप्ताहिकाला पाठवत राहिल्या. स्त्रियांसाठी निघणारे हे साप्ताहिक १८९८ मध्ये सुरू झाले आणि मुहम्मदी बेगम त्याच्या संपादक होत्या. मुस्लिम स्त्रिया आणि माध्यमे या विषयाचा आरंभ म्हणून दूरचित्रवाणीच्या पडद्याऐवजी या साप्ताहिकाकडे बोट दाखवावे लागते. पडदा पाळणाऱ्या वाचक घरबसल्या जग वाचत होत्या आणि त्यांच्यासाठी लिहिणारीही एक स्त्रीच होती. मात्र हे सगळे खानदानी घरांपुरते होते. कांड्या भरणाऱ्या विणकर बाईपर्यंत ते साप्ताहिक पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

मराठी मुलखात सामान्य घरांतल्या मुस्लिम स्त्रियांचे राजकीय बोलणे रस्त्यावर आले ते १८ एप्रिल १९६६ रोजी. त्या दिवशी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा लागू करा, या त्यांच्या मागण्या होत्या. मोर्चामागची प्रेरणा चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांची होती, आणि त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा त्या सात जणींत होत्या. सात ही संख्या लहान खरी. पण तोवर ज्यांना कुणी विचारलेच नव्हते त्या उघड्यावर येऊन सरकारकडे काही मागत होत्या, आणि ते मागणे आपल्याच जमातीच्या रिवाजाविरुद्ध होते. त्यासाठी लागणाऱ्या धैर्याचे मोल संख्येवरून ठरवता येत नाही.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचा वारसा नावातच होता. तलाक मिळालेल्या स्त्रिया मंडळाकडे येऊ लागल्या. कुणाच्या हातात टपालाने आलेला तलाकनामा, कुणाच्या कडेवर मूल, आणि माहेरी भावजयीच्या घरात एक कोपरा, अशा त्यांच्या हकिगती होत्या. मंडळाचे एक संस्थापक सय्यदभाई या कामात आले तेच बहिणीला मिळालेल्या तलाकमुळे. पुढे १९८५ मध्ये मंडळाने तलाकमुक्ती मोर्चा काढला. दलवाई १९७७ मध्ये वारले. मेहरुन्निसा त्यानंतर चाळीस वर्षे जगल्या, मंडळाचे काम करत राहिल्या आणि त्यांनी ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन लिहिले. नास्तिक म्हणवणाऱ्या नवऱ्याचा संसार, नोकरी करून चालवलेले घर, आजारपण, नातेवाइकांचे टोमणे हे सारे त्यात साध्या बोलीत आले आहे. चळवळीच्या इतिहासात जे नेत्याच्या नावावर जमा होते, त्याचा रोजचा खर्च कोण भागवते हे या पुस्तकातून कळते. जून २०१७ मध्ये त्या गेल्या. ज्या मागणीसाठी त्या १९६६ मध्ये चालल्या होत्या, तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी लागला.

मधल्या काळातला जळगावचा प्रसंग महाराष्ट्राबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि महाराष्ट्रातही विसरला गेला आहे. १९८२ मध्ये तिथल्या मुस्लिम पंचायतीने मुस्लिम स्त्रियांना सिनेमागृहात जाण्यास बंदी केली. रजिया पटेल या तरुण कार्यकर्तीने तिच्याविरुद्ध उघड लढा दिला. जयप्रकाश नारायणांच्या विचारांतून निघालेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत त्या काम करत होत्या. वरवर पाहता मुद्दा किरकोळ, तीन तासांच्या करमणुकीचा. पण ज्या बाईचे बाहेर पडणे बाजार, दवाखाना आणि माहेर एवढ्यापुरतेच असते, तिच्यासाठी चार मैत्रिणींसोबत सिनेमाला जाणे ही स्वतः ठरवून केलेली एखादीच गोष्ट असते. तीच काढून घेतली गेली, आणि पुरुषांवर अशी बंदी नव्हती. पंचायतीचा आक्षेप सिनेमापेक्षा बाईच्या बाहेर पडण्याला होता, हे रजिया पटेल यांनी नेमके ओळखले. त्यांचे ‘चाहूल’ हे पुस्तक याच लढ्यातून आले. पुढे त्यांनी पुण्यात अल्पसंख्याकांच्या शिक्षणावर अनेक वर्षे काम केले. योगायोग असा की त्याच १९८२ मध्ये बी. आर. चोप्रांचा ‘निकाह’ प्रदर्शित झाला. तोंडी तलाक हाच त्याचा विषय होता आणि कथा अचला नागर या लेखिकेची होती. सिनेमातल्या मुस्लिम नायिकेवर देशभर चर्चा झडल्या, आणि खऱ्याखुऱ्या मुस्लिम स्त्रियांना सिनेमागृहाच्या दारात अडवले जात होते.

मग शाहबानो प्रकरण आले. इंदूरच्या एका वकिलाची ही पत्नी, पाच मुलांची आई. लग्नाला चार दशके उलटल्यावर १९७५ मध्ये तिला घराबाहेर काढले गेले आणि १९७८ मध्ये तलाक दिला गेला. कनिष्ठ न्यायालयाने तिला महिना २५ रुपये पोटगी दिली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. या रकमेवरून देशाचे राजकारण ढवळून निघाले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने तिच्या बाजूने निकाल दिला. धर्मगुरूंनी त्याविरुद्ध रान उठवले. नोव्हेंबरमध्ये शाहबानोच्या नावाने एक खुले पत्र प्रसिद्ध झाले. निकाल शरियतविरोधी असेल तर आपल्याला तो नको, असा त्याचा आशय होता आणि खाली तिचा अंगठा होता. सत्तरीकडे झुकलेल्या, अनेक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या बाईने असा अंगठा का दिला असेल याची कल्पना करता येते. तरी दोन्ही पक्षांनी तिला सोडले नाही. एका बाजूला ती इस्लामच्या मागासपणाचा पुरावा ठरली, दुसऱ्या बाजूला धर्मनिष्ठ मुस्लिम स्त्रीचा आदर्श. १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा करून निकालाची धार बोथट केली. २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की पतीने तलाकनंतरच्या इद्दतच्या मुदतीतच पत्नीच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून दिली पाहिजे. ही बातमी मात्र शाहबानोच्या बातमीच्या शतांशानेही गाजली नाही.

औरंगाबाद खंडपीठाची कथाही अशीच आहे. २००२ मध्ये दगडू पठाण खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवले की, ‘मी तलाक दिला आहे’ असे पतीने कोर्टातल्या कैफियतीत लिहून दिल्याने तलाक सिद्ध होत नाही. त्यामागचे कारण आणि दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झाल्याचे दाखवावे लागेल. म्हणजे महाराष्ट्रात तडकाफडकी तलाकला कायद्याचा आधार उरला नसल्याला २०१७ पर्यंत पंधरा वर्षे झाली होती. मोहल्ल्यातल्या बाईला ते सांगायला ना काझी गेला, ना वकील, ना वर्तमानपत्र. हक्क कागदावर असणे आणि त्याची खबर असणे यांतल्या अंतरात अनेकींचे संसार मोडले.

ती खबर पोचवण्याचे काम स्त्रियांनी उभ्या केलेल्या संघटनांनी केले. मुंबईत शहनाज शेख यांनी १९८३ मध्येच मुस्लिम व्यक्तिगत कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. त्यांच्याच पुढाकाराने ‘आवाज-ए-निस्वां’ ही संघटना दक्षिण मुंबईच्या मुस्लिम वस्त्यांत आकाराला आली. त्यांच्या अनुभवातून एक गोष्ट लवकर स्पष्ट झाली. तलाक घेऊन आलेल्या बाईशी अर्धा तास बोलले की बोलणे तलाकवरून निघून मारहाण, भाड्याची खोली, रेशनकार्ड, मुलाचा शाळेचा दाखला यांवर येते. १९९२-९३च्या दंगलीनंतर त्यात सुरक्षिततेची भर पडली. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलीतल्या मृतांची संख्या ९०० दिली, त्यांत ५७५ मुस्लिम होते. हजारो कुटुंबे मुंबईतून मुंब्र्यासारख्या ठिकाणी सरकली. दंगलीनंतर मुलीला लांबच्या शाळेत पाठवायचे नाही, संध्याकाळी बाहेर पडू द्यायचे नाही, लग्न लवकर उरकायचे, असे निर्णय घराघरांत झाले. बाहेरच्या हिंसेने घरातले निर्बंध आवळले. सुधारणेच्या अनेक चर्चांत हा दुवा गाळला जातो, म्हणून त्या चर्चा मुस्लिम स्त्रियांना अपुऱ्या वाटतात.

जानेवारी २००७ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलन सुरू झाले. जकिया सोमण आणि नूरजहाँ सफिया नियाज या त्याच्या संस्थापक. त्यांनी दलवाईंपेक्षा वेगळी वाट धरली. दलवाईंनी धर्मग्रंथाबाहेर पडून, नागरिकाच्या हक्काची भाषा वापरली होती. आंदोलनातल्या स्त्रिया कुराण हातात घेऊन बोलू लागल्या. पतिपत्नीत बेबनाव झाला तर दोन्ही घरांतून मध्यस्थ नेमा, असे कुराण सांगते. एका दमात तीनदा शब्द उच्चारून संसार मोडावा असे त्यात कुठे आहे, हा त्यांचा सवाल. २०१३ मध्ये त्यांनी दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम स्त्रियांशी बोलून पाहणी केली, तेव्हा ९२.१ टक्के स्त्रियांना तोंडी, एकतर्फी तलाक बंद व्हायला हवा होता. यांतल्या बहुसंख्य नमाज पढणाऱ्या, रोजे ठेवणाऱ्या बाया आहेत. धर्म सोडल्याशिवाय हक्क मिळत नाहीत आणि हक्क मागितला की धर्म सुटतो, ही जोडी त्यांना मान्य नाही. संघटनेने पुढे स्त्रियांना काझीचे प्रशिक्षणही दिले.

श्रद्धेचा हक्क ही मागणी सर्वांत ठळकपणे पुढे आली ती हाजी अलीला. वरळीच्या समुद्रातला हा दर्गा, भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारी त्याची चिंचोळी वाट, तिच्यावरून गुरुवारी-शुक्रवारी लोटणारी गर्दी हे मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. या गर्दीत बाया मोठ्या संख्येने असतात. मशिदीत जायची प्रथा नसलेल्या बाईसाठी दर्गा ही घराबाहेरची श्रद्धेची एकमेव जागा ठरते. तिथे ती मन्नत मागते, धागा बांधते, चादर चढवते, घरी कुणाला सांगता येत नाही ते पिराला सांगते. या स्त्रिया मजारपर्यंत जात असत. २०११-१२च्या सुमारास विश्वस्तांनी त्यांना आतल्या गाभ्यात जाण्यास मनाई केली. नूरजहाँ नियाज आणि जकिया सोमण मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. विश्वस्तांनी दिलेली कारणे निकालपत्रात नोंदलेली आहेत. संताच्या कबरीजवळ स्त्रीने जाणे इस्लाममध्ये पाप आहे, मजारवर वाकताना रुंद गळ्याच्या पोलक्यांमुळे अंगप्रदर्शन होते, आणि बंदी स्त्रियांच्याच सुरक्षिततेसाठी आहे, अशी ती कारणे. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांनी समानतेच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या कलमांचा आधार घेऊन बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या विश्वस्तांनी ऑक्टोबरमध्ये निर्णय मान्य केला. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी स्त्रियांचा पहिला गट आत गेला. दर्ग्याने मांडणी बदलली होती, स्त्री आणि पुरुष दोघांनाही मजारपासून सारख्याच अंतरावर उभे राहायचे होते.

त्या वर्षी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांच्या प्रवेशाचा वादही चालू होता. दोन्ही प्रकरणे एकत्र मोजली गेली, आणि ते योग्यच होते. हाजी अलीच्या प्रकरणात मात्र एक पेच जास्त होता. दर्ग्यावर जाणे हेच मुळात गैर, असे मानणारे पंथ मुस्लिम समाजात बळ धरत आहेत. दर्ग्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बाया म्हणूनच विश्वस्तांशी भांडता भांडता आपल्या आजीपणजीची भक्तीची रीतही राखत होत्या. मशिदीचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९ मध्ये स्त्रियांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने स्त्रियांना मशिदीत नमाज पढण्याची धर्मात मुभा आहे, असे तिथे सांगितले. मुभा आहे, पण वजूची (हातपाय धुण्याची) जागा, वेगळे दार, नमाजासाठी पुरेशी जागा नसेल तर ती मुभा बाईच्या काय उपयोगाची, हा प्रश्न उरतोच.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. उत्तराखंडच्या काशीपूरच्या शायराबानो आणि त्यांच्यासारख्याच इतर स्त्रिया यात पक्षकार होत्या. या निकालाचे बहुतेक सगळ्या स्त्रीसंघटनांनी स्वागत केले. मतभेद झाला तो २०१९च्या कायद्यावर. त्याने असा तलाक उच्चारणाऱ्या पतीला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. महिला आंदोलनाने कायदा हवा अशी भूमिका घेतली. हसीना खान यांच्या ‘बेबाक कलेक्टिव्ह’ने मात्र शिक्षेला विरोध केला. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, आणि इतर धर्मांत बायकोला टाकून देणारा नवरा गुन्हेगार ठरत नसताना मुस्लिम नवराच का, असे त्यांचे आक्षेप. फेब्रुवारी २०१८ मध्ये मालेगावात आणि मार्चअखेरीस मुंबईच्या आझाद मैदानावर पर्सनल लॉ बोर्डाच्या हाकेवरून बुरख्यातल्या स्त्रियांचे प्रचंड मोर्चे निघाले. त्या स्त्रियांना मौलवींनी गोळा करून आणले, असे म्हणून तो विषय संपवला गेला. त्यात तथ्य होतेच. पण देशातल्या वातावरणात मुस्लिम पुरुषाला तुरुंगात घालण्याची आणखी एक सोय होते आहे, ही भीती त्यांतल्या अनेकींची स्वतःची होती. आपला भाऊ, आपला मुलगा त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. १९६६च्या सात जणींचा आदर करताना या हजारोंना बाहुल्या ठरवणे प्रामाणिकपणाचे नाही.

असे दोन आवाज बोहरा समाजातही दिसतात. मुलींच्या खतन्याविरुद्ध २०१५ पासून ‘सहियो’सारख्या गटांतल्या बोहरा स्त्रिया स्वतःच्या बालपणीच्या आठवणी नावानिशी सांगू लागल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा ही प्रथा धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे असे म्हणणारी बोहरा स्त्रियांचीच संघटना समोर उभी राहिली. सात वर्षांच्या मुलीची संमती घेता येत नाही, या एका मुद्द्याला त्या संघटनेकडे पटेल असे उत्तर नाही.

पेहरावाच्या प्रश्नावर मतांचा हा गुंता सर्वांत जास्त आहे. उडुपीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सुरू झालेला हिजाबचा वाद मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेला. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बॅज अशा गोष्टींवर बंदी घातली. विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. २६ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीला अंशतः स्थगिती दिली. या मुलींच्या आज्या अनेकदा साडीचा पदर डोक्यावर घेणाऱ्या होत्या. नातीकडे हिजाब आला त्याची कारणे एकाच ओळीत मावत नाहीत. कुणाला घरून सक्ती असते. कुणी आईवडिलांपेक्षा जास्त धार्मिक होऊन स्वतः तो निवडलेला असतो. कुणासाठी ती कॉलेजला जाऊ देण्याची अट असते, ‘हिजाब घाल आणि शिक’ असा घरात झालेला तह. ही तिसरी मुलगी सर्वांत महत्त्वाची, कारण फाटकावर बंदी आली की तिचा तह मोडतो आणि शिक्षण थांबते. हिजाब पितृसत्तेचे चिन्ह आहे हे मान्य करूनही तिच्या शिक्षणाची किंमत देऊन ते चिन्ह पुसणे समर्थनीय ठरत नाही.

माध्यमांना अशा तिसऱ्या मुलीसाठी वेळ नसतो. मुस्लिमांविषयीची बातमी शाळागळतीची असो वा पाणीटंचाईची, सोबत छायाचित्र पाठमोऱ्या बुरख्यांचे. वृत्तवाहिन्यांवर तलाकच्या चर्चा एका ठरीव मांडणीत चालत: एक दाढीवाले मौलाना, एक कार्यकर्ती, एक पक्षप्रवक्ता. जुलै २०१८ मध्ये एका हिंदी वाहिनीवर थेट प्रक्षेपणातच मौलाना आणि महिला वकील यांच्यात हातापाई झाली आणि मौलानांना अटक झाली. त्या वकील बाईंचा मुद्दा काय होता हे कुणाच्या लक्षात राहिले नाही, फिरली ती चित्रफीत.

मुंब्र्याच्या शिरीन दळवी यांच्यावर गुदरलेला प्रसंग तर दोन्ही बाजूंनी एकाच बाईला कसे घेरले जाते याचा नमुना आहे. ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या त्या संपादक होत्या. उर्दू दैनिकाचे संपादकपद स्त्रीकडे असणे ही अपूर्वाई होती. पॅरिसमधल्या ‘शार्ली एब्दो’वरील हल्ल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी बातमीसोबत त्या नियतकालिकाचे मुखपृष्ठ छापले. गहजब झाल्यावर त्यांनी माफीही छापली. तरी निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले, अटक झाली, आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली. बुरखा न वापरणाऱ्या या बाईंना ओळख लपवण्यासाठी बुरखा घालून वावरावे लागले आणि घरापासून लांब राहावे लागले. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत बिगरमुस्लिम मंडळी बरीच होती. त्याच शिरीन दळवींनी डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ राज्य उर्दू अकादमीचा पुरस्कार परत केला. धर्मांधांपुढे माफी मागायला लागलेली हीच संपादक सरकारलाही नाही म्हणते, हे ज्यांना विसंगत वाटले त्यांनी तिला मुळातच ऐकले नव्हते.

त्या हिवाळ्यात याच कायद्याविरुद्ध दिल्लीच्या शाहीनबागेत आणि २६ जानेवारी २०२० पासून मुंबईत नागपाड्याच्या मोरलँड रोडवर स्त्रिया रस्त्यावर ठाण मांडून बसल्या. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, नमाज, भाषणे सगळे त्याच मांडवात होत होते. घरातले कागद कुठल्या डब्यात ठेवलेत हे बाईलाच माहीत असते, आणि लग्नानंतर नाव-गाव बदलल्यामुळे कागदांत सर्वांत जास्त तफावत तिच्याच नावाची असते. म्हणून नागरिकत्वाच्या पुराव्याची धास्ती तिला आधी कळली. करोनाच्या टाळेबंदीबरोबर मार्चमध्ये ही ठाणी उठली. सार्वजनिक जागी दिसू लागलेल्या स्त्रियांना त्याची किंमत समाजमाध्यमांवर मोजावी लागली. जुलै २०२१ मध्ये एका ॲपवर आणि १ जानेवारी २०२२ रोजी दुसऱ्या ॲपवर बोलक्या मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे ‘लिलावा’साठी लावण्यात आली. दुसऱ्या यादीत शंभराहून अधिक नावे होती: पत्रकार, कार्यकर्त्या, आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून बेपत्ता झालेल्या नजीबची वयस्कर आईसुद्धा. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांतच अटका केल्या. पकडलेले आरोपी विशीच्या आसपासचे होते आणि त्यांत एक मुलगीही होती. ज्या स्त्रियांना ‘बिचाऱ्या’ म्हणून वाचवण्याची भाषा गेली काही वर्षे चालली होती, त्याच स्वतःचे म्हणणे मांडू लागताच बाजारात उभ्या केल्या गेल्या.

रोजच्या जगण्याच्या मागण्यांना अशा वेळी बातमीमूल्य उरत नाही, पण काम त्यांवरच चालते. मुंब्र्यात सबाह खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘परचम’ या गटाने २०१२ पासून मुलींचा फुटबॉल सुरू केला. मुले खेळत असलेल्या मैदानावर मुलींना जागा मिळेना, तेव्हा त्यांनी सह्या गोळा करून लोकप्रतिनिधींकडे मुलींसाठी राखीव मैदान मागितले. कुणी हिजाबवर जर्सी चढवून खेळते, कुणी केस बांधून, आणि संघात हिंदू मुलीही असतात. घरी परवानगी मिळवताना ‘फुटबॉल’ हा शब्द अनेकींनी सुरुवातीला उच्चारलाच नाही. एखादी अनोळखी वस्तीत सामना खेळून आली की पुढच्या वेळी तिला सोबत लागत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये मुस्लिमांच्या शिक्षणाची आणि रोजगाराची जी दुरवस्था आकड्यांत मांडली, तिला उत्तर शोधायचे तर असे मैदान, जवळची माध्यमिक शाळा, बस आणि रात्री दिवे असलेला रस्ता यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

कायद्याच्या आघाडीवर स्त्रियांची यादी आता तलाकच्या पुढे गेली आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या सर्वसाधारण कलमाखाली पोटगी मागता येते, असे पुन्हा स्पष्ट केले. महिला आंदोलनाने २०१४ मध्येच मुस्लिम विवाह कायद्याचा मसुदा तयार केला होता. मुलीचे वय किमान १८, बहुपत्नीत्वाला मनाई, तलाकआधी मध्यस्थीची सक्ती, आणि मेहेर किमान वराच्या वर्षभराच्या उत्पन्नाइतका व निकाहाच्या वेळीच चुकता, अशी कलमे त्यात आहेत. वारशाचा प्रश्न याहून अवघड आहे. कुराणाने मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, ठरलेला वाटा दिला आहे. पण १९३७च्या केंद्रीय शरियत कायद्यातून शेतजमीन मुळातच वगळलेली होती, आणि जिथे वाटा मिळू शकतो तिथेही तो घेणारी मुलगी विरळा. माहेर तुटेल, भाऊ बोलेनासा होईल, उद्या काही झाले तर परत जायला दार राहणार नाही, हा विचार करून ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाते आणि हक्कसोडपत्रावर सही करते. त्याच बाकावर त्याच कामासाठी बसलेल्या पाटलाच्या, माळ्याच्या, धनगराच्या लेकीही तेच करून घरी जातात.